एक मिनिट, मॅडम

४ फेब्रुवारी

बारके,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या भावाने अनेक आशीर्वाद लिहायचे असतात, शाळेतलं एवढंच डोक्यात राहिलंय. घे, दिले. आईने फोनवर बोलायची सोय ठेवलेली नाही. मी हॅलो म्हटलं की ती स्पीकर लावते आणि शेजारच्या काकूंना हाक मारते. मग मी काय बोलणार? जेवलो, झोपलो, तब्येत बरी आहे. म्हणून तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितोय. पाकीट तुझ्या दुकानमालक काकांच्या हाती लागलं तर सांग, भावाचं आहे, भलत्या कुणाचं नाही.

गोदामातलं काम सोडलं. लगेच 'पुन्हा?' म्हणू नकोस. दिवसभर खोकी उचलायची आणि बोलायचं फक्त खोक्यांशी. माझं तोंड बंद राहिलं की मला ताप येतो, हे तुला माहीत आहे. आता मी मॉलमध्ये क्रीम विकतो. दुकान नाही, मधल्या मोकळ्या जागेत काउंटर आहे, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, समोर चपलांचं दुकान. जागा कुणी निवडली त्याला मानलं पाहिजे. जिन्यावरून उतरणारा माणूस पळणार कुठे? उतरला की आमच्या पुढ्यात.

पण माणसं काय वैताग आणतात, बारके! मी नुसतं 'एक मिनिट, मॅडम' म्हणतो तर अशा बघतात जणू मी पर्स मागितली. एक बाई छताकडे बघत गेल्या, जिन्यापासून दारापर्यंत, मान वर करून. काल एक जण फोन कानाला लावून 'हो हो, पोचतोच' करत निघाला आणि तोच फोन त्याच्या कानात खणखणला. तरी थांबला नाही. निर्लज्जपणा म्हणजे किती!

आमचीही तयारी आहे म्हणा. मालकाला आम्ही हसरा म्हणतो, कारण शिव्या देतानाही त्याचे दात दिसतात. त्याने सगळं शिकवलंय. आधी हात. फुकटची पुडी पुढे करायची. ती घ्यायला हात आला की तो हात आपला, सोडायचा नाही. हात धरलेला असताना माणूस निघून जात नाही, त्याला ते उद्धट वाटतं. उद्धटपणा आमचा आणि लाज त्याला! मग अर्धं तोंड. उंच खुर्चीवर बसवायचं आणि एकाच डोळ्याखाली जेल लावायचं. सुरकुती ताणली जाते, खरंच जाते, थोडा वेळ. मग हातात आरसा द्यायचा. आता एक बाजू तरुण आणि एक बाजू थकलेली घेऊन बाई घरी जातील का? दुसरी बाजू करायची तर डबा घ्यावा लागतो. आणि सगळ्यांत भारी म्हणजे नकार. गिऱ्हाईक डळमळायला लागलं की डबा चक्क काढून घ्यायचा. 'राहू द्या मॅडम, हे तुमच्यासाठी नाही. तुमच्या कातडीला झेपायचं नाही.' की झालं! मघापासून नको नको म्हणणारी बाई 'का नाही झेपणार?' म्हणून भांडायला उठते आणि दोन डबे नेते.

आता मुद्दा. हसऱ्याला अजून एक मुलगी हवी आहे. तुझं तोंड माझ्याहून चांगलं चालतं. काचा घासत बसण्यात काय ठेवलंय? विचार कर.

तुझा दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

पत्र काकांच्याच हाती लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं, पाकिटाच्या कडा तपासल्या आणि 'भावाचं अक्षर डावीकडे कलतंय, त्याला नंबर असणार' म्हणाले. बस, एवढंच. दिवसभरात त्यांनी उच्चारलेलं सगळ्यात लांब वाक्य.

तू विचारतोस काचा घासण्यात काय ठेवलंय. मी तेच विचारते. कोपऱ्यात बसायचं, फ्रेमच्या मापाने काच घासायची, चाकावर पाणी सोडायचं, पुन्हा माप, पुन्हा घासणं. नखांत पांढरी भुकटी बसते ती अंघोळीनेही जात नाही. एक कडा जास्त घासली गेली की काका काच उचलतात, बोलत काहीच नाहीत, डब्यात टाकतात. त्यापेक्षा एक थप्पड मारली तर बरं!

आणि दुकानात गिऱ्हाईक कधीतरी येतं, तर तेही हे परत पाठवणार. परवा एक आजोबा आले, काडी निखळलेली. चांगला नवा चष्मा गळ्यात मारता आला असता. काकांनी स्क्रू बसवला आणि 'जा' म्हणाले. फुकट! म्हटलं, काका, दुकान आहे की धर्मशाळा? तर म्हणे, स्क्रूच सैल होता.

मी तुझं अर्धं तोंड करून बघितलं. हसू नकोस. एक बाई आल्या, नंबर तोच होता, पण काका आत होते. मी त्यांच्या जुन्या चष्म्याची एक काच स्वच्छ पुसली आणि दुसरी तशीच ठेवली. पुसलेल्या बाजूला हात करून म्हटलं, नवा चष्मा घेतलात तर दोन्हीकडून असं दिसेल. 'अगंबाई!' करून घेतला की त्यांनी! सगळ्यात महागडा! मला तर नाचावंसं वाटलं. संध्याकाळी काकांनी मापासाठी ठेवून घेतलेला जुना चष्मा बघितला, दोन्ही काचांवर फुंकर मारली, आणि दुसऱ्या दिवशी मला त्या बाईंच्या घरी पाठवलं. काय सांग म्हणून? 'मी एकच काच पुसली होती.' दादा, मी त्यांच्या दारात उभी राहून हे बोलले! त्यांनी पाणी दिलं आणि हसल्या, म्हणून तर जास्तच राग आला.

काकांना मार्चमध्ये नवं यंत्र येतंय. त्यांची स्वतःची नजर आता बारीक कामाला पुरत नाही. म्हणतात, यंत्र येईपर्यंत सांग, कायमची बसणार आहेस की नाही. बसलीस तर सगळं शिकवतो, डोळे तपासण्यापासून. नाहीतर दुसरं कुणी बघतो. आई म्हणते हो म्हण. मला मात्र वाटतंय जन्मभर त्या कोपऱ्यात चाकावर पाणी सोडत बसेन.

तर खरं सांग. तिथे कसं आहे?

बारकी


१९ फेब्रुवारी

बारके,

घाईत लिहितोय. तुझ्यासारखी मुलगी मी आमच्या काउंटरवर अजून पाहिलेली नाही. पहिल्याच दमात अर्धं तोंड जमलं म्हणजे चेष्टा नाही, इथे लोकांना महिना लागतो. हे मी भाऊ म्हणून म्हणत नाही.

तुला पुढे जायचंय ना? मग कोपऱ्यात बसून पुढे जाता येतं का? नाही ना? तुला माणसांत राहायला आवडतं ना? मग झालं तर.

जागा एकच आहे आणि त्यावर दोघींचा डोळा आहे. मी हसऱ्याला कसंबसं थोपवून धरलंय, तेही फक्त या आठवड्यापुरतं. नंतर माझ्या हातात काही नाही. इथल्या सगळ्या मुलींचे केस खांद्यापर्यंत असतात, काळा शर्ट काउंटरचा मिळतो, वरून दिवे असे की कुणीही चांगलं दिसतं. काकांना काय, दुसरं कुणीही मिळेल. तुला ही संधी पुन्हा नाही.

लगेच कळव.

दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

माझा हात सोड.

वाचता वाचता मला खरंच मनगट दुखल्यासारखं झालं. 'तुझ्यासारखी मुलगी पाहिली नाही.' 'नाही ना? आवडतं ना?' 'फक्त या आठवड्यापुरतं.' मला सख्ख्या भावाचं पत्र आलं की जिन्याखालच्या काउंटरचं? मधेच कुठेतरी माझ्या एका डोळ्याखाली जेल पण लावलं असशील. माझ्यावरच हात साफ करायला घेतलास होय रे, मेल्या!

आणि संतापाची गोष्ट सांगू? परिणाम होतोय. दिवसभर चाकाशी बसले की डोळ्यांपुढे ते दिवे येतात. काल काका काहीतरी समजावत होते, काच कुठून धरायची ते, आणि मी 'हं' 'हं' करत काळ्या शर्टात उभी होते. एक काच हातातून सुटली. काका खाली वाकून तुकडे वेचत बसले, मला वेचू दिले नाहीत.

एकच विचारते आणि सरळ उत्तर दे. मी आले तर तुला काय मिळणार? तू एवढा हात धुऊन मागे लागतोस तो फुकट नाही, मी तुला जन्मापासून ओळखते.

बारकी


३ मार्च

बारके,

स्टूल मिळणार होतं.

हसत असशील तर हस. आम्ही सगळे सकाळपासून उभे असतो. टेकायचं नाही, काउंटरला कोपर लावलं तरी हसरा लांबून दात दाखवतो. ती उंच खुर्ची फक्त गिऱ्हाइकाची. आमच्यापैकी जो काउंटर सांभाळतो त्याला एक स्टूल असतं, मागच्या बाजूला. एक माणूस आणलास तर स्टूल तुझं, असं हसरा म्हणाला होता. माझ्या टाचा अशा झाल्यात की सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना ओरडतो. त्या स्टुलापायी मी तुला एवढं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

आता नीट वाच. येऊ नकोस. काकांना हो म्हण.

परवा काय झालं ते सांगतो. दुपारी एक बाई जिन्यावरून उतरल्या, चपलांच्या दुकानात शिरल्या, नव्या काळ्या बुटांचं खोकं घेऊन बाहेर आल्या. चेहरा थोडा उतरलेला. मी पुडी पुढे केली, हात धरला, खुर्चीवर बसवलं. त्या म्हणत होत्या वेळ नाही, मला मुलाखतीला जायचंय, खूप वर्षांनी कामाला लागायचं ठरवलंय. मी म्हटलं, मग तर हवंच, मॅडम. डाव्या डोळ्याखाली आणि गालावर जेल लावलं, वाळायची वाट बघत बडबडत होतो. तेवढ्यात त्यांना फोन आला. मुलाखत लवकर घेताहेत, आत्ता या. त्या खुर्चीवरून उतरल्या, खोकं उचललं आणि चालू लागल्या.

अर्ध्या तोंडाने, बारके!

ते जेल कसं आहे हे आम्हाला शिकवलेलं असतं. बाईने हलायचं नाही, हसायचं नाही, घाम येता कामा नये. तसं झालं की ते पांढरं पडतं. इस्त्रीला घेतलेल्या कापडावर खळ राहून जाते ना, तसं. आणि हसलं की गालावर त्याच्या चिरा पडतात. आम्ही खुर्चीवर हलू देत नाही ते याचसाठी. आता ही बाई पळत जाणार, घामाघूम होणार, साहेबांसमोर बसणार आणि हसून नमस्कार करणार. एका गालावरून भिंतीचा पोपडा सुटल्यासारखं.

मी पुसायचं तेल आणि कापूस उचलला आणि मागे धावलो. 'मॅडम! एक मिनिट, मॅडम!' त्यांनी चाल वाढवली. मी ओरडलो, 'मॅडम, विकायचं नाहीये! फुकट आहे!' आता त्या पळायलाच लागल्या. मी पण पळालो. 'मॅडम, तुमच्या भल्यासाठी सांगतोय! फक्त एक बाजू पुसतो!' लोक बाजूला होऊन बघत होते. मला पळता पळताच कळत होतं की हे सगळं मी रोज म्हणतो, असंच म्हणतो, याच आवाजात. मग दुसरं काय ओरडायचं ते सुचेना. खरं बोलायला माझ्याकडे वेगळे शब्दच उरले नाहीत गं. सगळे त्या डब्यांवर खर्च झाले.

दारापाशी त्या वळल्या आणि किंचाळल्या, 'मला काहीही घ्यायचं नाही! पाठ सोडा माझी!' पहारेकऱ्याने माझी कॉलर धरली. त्या काचेच्या दारातून बाहेर गेल्या, आणि उन्हात तो गाल लगेच पांढरा दिसायला लागला. मी आतून बघत होतो. पहारेकरी म्हणतो, 'काय रे, आता बाहेरपर्यंत?'

पुढचं ऐक, म्हणजे कपाळावर हात मारशील. मला वाटलं, हसरा आता हाकलणार. त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'याला म्हणतात चिकाटी! गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं तरी सोडलं नाही!' टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मी हातात तेलाची बाटली घेऊन उभा. सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणे लाजू नकोस.

त्या बाईंचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही. काम मिळालं असेल का? तू येऊ नकोस. हे काम तुझ्यासाठी नाही.

दादा


९ मार्च

दादा,

वा! वा! टाळ्या माझ्याकडूनही घे.

पत्र दोनदा वाचलं. पळणारी बाई काय, पांढरा गाल काय, टाचा काय! स्टुलापाशी तर मला हुंदका येणार होता. आणि शेवटी अगदी पुस्तकातल्यासारखं, 'हे काम तुझ्यासाठी नाही.' तुझ्याच पहिल्या पत्रात आहे की, गिऱ्हाईक डळमळायला लागलं की डबा काढून घ्यायचा. मी म्हटलं हात सोड, तर तू डबाच काढून घेतलास! आता मी 'का नाही झेपणार?' म्हणून भांडायला उठायचं, असंच ना?

तर उठले. का नाही झेपणार मला? तू जे उभं राहून करतोस ते मला का जमणार नाही? मला तर पहिल्या फटक्यात जमलं होतं.

यंत्र काल आलं. दोघा हमालांनी ते माझ्या कोपऱ्यात ठेवलं. काकांनी वरचं प्लास्टिक काढलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'मग?' मी नाही म्हटलं. भावाकडे जाते म्हटलं. ते 'बरं' म्हणाले आणि प्लास्टिक पुन्हा घालायला लागले. मला वाटलं होतं निदान एकदा तरी थांब म्हणतील. नाही. त्यांना गळ घालता येत असती तर दुकान एवढं रिकामं राहिलं असतं का!

आईला सांगितलंय की तुझी तब्येत बरी नाही म्हणून बघायला जाते. पुढच्या आठवड्यात निघेन. दिवस सांगत नाही, नाहीतर तू आणखी एखादी बाई पळवशील.

बारकी


१३ मार्च

बारके,

अगं बाई माझे, कसं सांगू तुला! शपथ घेऊ? शपथा आम्ही रोज घेतो, आईची, मुलाबाळांची, आमच्यातल्या एकाला तर लग्नही न करता तीन मुलं आहेत. रडून दाखवू? तेही शिकवलंय, पण महिनाअखेरीला वापरायचं.

ती बाई खरी होती. गाल खरा होता. टाचा तर अजून खऱ्या आहेत. मी तुझ्यावर तो नकार वापरला नाही, मी नुसता नकार दिला. एवढी साधी गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली की तिचं दुसरंच काही का होतं?

आजच्या आज काकांकडे जा. म्हणावं चुकले. बाकी मी काही समजावत बसत नाही, समजावायला लागलो की तुला तिथेही जेलचा वास येणार.

येऊ नकोस.

दादा


२१ मार्च

दादा,

तुझं तेरा तारखेचं पत्र मला काल मिळालं, परत आल्यावर. हो, परत आल्यावर.

मी सोमवारी आले होते. तुला चकित करायचं होतं. केस खांद्यापर्यंत कापले होते, तू लिहिलं होतंस तसे. बसमध्ये शेजारचा सारखा खोकत होता म्हणून तोंडाला मास्क होता, तो काढायचा राहिला. बसमधून उतरून विचारत विचारत मॉलला आले, वरच्या रस्त्याकडच्या दाराने आत शिरले. पिशवी खांद्याला होती. सरकत्या जिन्यावर पहिल्यांदाच पाय ठेवला, भीती वाटली, कठडा घट्ट धरला. वरूनच तू दिसलास. काळा शर्ट, हडकलास किती! मला एवढा आनंद झाला की ओरडणारच होते.

उतरले आणि तुझ्या पुढ्यातच आले. तू पुडी पुढे केलीस. 'एक मिनिट, मॅडम.'

मला वाटलं, ओळखलंय आणि चेष्टा करतोस. मी हात पुढे केला. तू धरलास. तू माझ्या चपलांकडे बघितलंस, मग पिशवीकडे, मग माझ्या खांद्यावरून मागे, तिकडे तो दात दाखवणारा माणूस उभा होता. तोंडाकडे बघितलंस की नाही, मला सांगता येत नाही. तुझी नजर तिथे आली होती, पण थांबली नाही. तू माझ्या बोटांवर काहीतरी खरबरीत चोळायला लागलास आणि बोलायला लागलास. 'मॅडम, घरकाम फार दिसतंय. नखांत बघा काय साचलंय. स्वतःकडे कधी बघणार तुम्ही?'

ती काचेची भुकटी होती, दादा.

मी ओळख दिली नाही. मला आता बघायचंच होतं. मनात म्हटलं, आत्ता ओळखेल. आत्ता. अंगठ्यावरचा वण लागला तुझ्या बोटाला. तू त्यावर अंगठा फिरवून म्हणालास, 'हा पंधरा दिवसांत जाईल, मॅडम. निशाणीसुद्धा राहणार नाही.' तो वण कशाचा आहे ते विसरलास? कपाटाचं दार कुणी लावलं होतं माझ्या बोटावर? तू तेव्हा माझ्याहून जास्त रडला होतास, आईने आधी तुलाच उचलून घेतलं होतं.

मी 'नको' म्हटलं. तू म्हणालास, 'नको कसं? आजच्याच दिवसापुरतं आहे.' मी पुन्हा नको म्हटलं आणि हात ओढला, तर तू घट्ट धरलास. इतका घट्ट! मला माझाच भाऊ सोडत नव्हता आणि तो मला ओळखतही नव्हता. शेवटी मी जोरात झटका दिला आणि चालू लागले. तू मागून काहीतरी ओरडलास. मी वळले नाही. वळले असते तर रडू आलं असतं, आणि तू त्याच्यासाठीही काहीतरी लावलं असतंस.

बाहेर बाकावर बसून राहिले. मग पुढच्या बसने परत.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. यंत्रावर अजून प्लास्टिक होतं. मी म्हटलं, काका, ती जागा? ते म्हणाले, 'मी विचारलं होतं. आता मी विचारणार नाही.' मला हे चांगलंच झोंबलं. डोक्यात दहा वाक्यं तयार झाली, तुमच्यासारखा गुरू नाही, मला पश्चात्ताप झालाय, असली. एकही बोलवेना. मी म्हटलं, 'मी विचारते. बसू का?' त्यांनी हातातली काच पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, 'पहिल्यापासून. महिनाभर बघतो.' म्हणजे आता पुन्हा साध्या चाकावर, यंत्राला हात लावायचा नाही. एवढे दिवस घासलेलं सगळं पाण्यात! वैताग आहे नुसता हा माणूस. पण बसलेय.

तुझं ते पळणाऱ्या बाईंचं पत्र पुन्हा वाचलं. खरं होतं ना रे ते?

बारकी


२७ मार्च

बारके,

खरं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेलो. लगेच सोडून दिलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण मी गेलो. जिन्यासमोर उभा राहिलो आणि ठरवलं, आज प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचं. बघितलं. एकालाही हाक मारता आली नाही. एक बाई उतरली, तिला झोप झालेली नव्हती. एक उतरली, तिचं नुकतंच कुणाशी तरी भांडण झालं होतं. एकीची मुलगी हात सोडत नव्हती आणि तिच्या दोन्ही हातांत सामान होतं. आता यांना काय सांगू, तुमच्या डोळ्यांखाली काय आहे? ते तर दिसतच होतं. त्यांना तरी माहीत नव्हतं का? हसरा येऊन म्हणाला, 'आज काय पुतळा झालायस?' मी म्हटलं, सोडतो काम. तो म्हणाला, 'सोड, पण संध्याकाळपर्यंत उभा राहा.' आणि मी मूर्खासारखा राहिलो सुद्धा.

आता त्याच मॉलच्या तळघरात आहे. ट्रकमधून माल उतरवून वर पाठवायचा. म्हणजे पुन्हा खोकी. परवा उचललेल्या एका खोक्यावर आमच्याच क्रीमचं चित्र होतं, तेही गपचूप वर पाठवलं. आईला यातलं काही सांगू नकोस. तब्येत बरी झाली म्हण.

एक गोष्ट मात्र मला काही सुचू देत नाही, म्हणून लिहितो. सोमवारची सगळी दुपार मी पुन्हा आठवून बघितली. सोबतच्यांनाही विचारलं. मास्क लावलेल्या पुष्कळ जणी होत्या. पिशवीवाल्या होत्या. हात ओढून गेलेल्या तर रोजच्याच, त्यातल्या एकीला मी मागून काहीतरी लागट बोललो होतो, ती तू नसशील तर बरं. वण असलेले हातसुद्धा होते. मी एक एक हात आठवतोय, कोपरापर्यंत आठवतोय, चेहरा एकाचाही येत नाही. तुझा हात त्यात कुठला होता, मला अजून सापडलेला नाही.

तू त्या दिवशी कुठला ड्रेस घातला होतास, तेवढं कळव.

दादा